मिनेर्व: पाण्यावाचून पडलेला गड आणि भोवतीचा द्राक्षमुलूख. जाण्याची, पाहण्याची आणि चाखण्याची सविस्तर माहिती

दक्षिण फ्रान्समधल्या लाँगदोक प्रांतात, नार्बोन शहराच्या वायव्येला सुमारे ३५ किलोमीटरवर, सेस आणि ब्रियाँ या दोन नद्यांनी कोरून काढलेल्या चुनखडीच्या सोंडेवर मिनेर्व हे जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचे गाव आहे. एके काळी येथे एका मांडलिक सरदाराचा किल्ला होता आणि गाव त्याच्याच तटाच्या आत वसले होते. त्या किल्ल्याचा आज एक उभा कोपरा तेवढा शिल्लक आहे. अखंड तटबंदी, टोकदार छपरांचे बुरुज आणि झुलता दरवाजा पाहायचा असेल, तर जवळच्या कार्कासोनला जावे. तेथील तटबंदी एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार भरपूर डागडुजी करून उभी केलेली आहे. मिनेर्वला जायचे ते त्याची जागा पाहण्यासाठी. ही जागा वेढा घालणाऱ्याच्या नजरेने, म्हणजे आधी बाहेरून, मग वरून आणि शेवटी खालून पाहिली, तरच अर्ध्या तासात संपणाऱ्या या गावात अख्खा दिवस कसा जातो ते कळते. पुढील सूचना त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

निघण्यापूर्वी जाणून घ्यायचा इतिहास

बाराव्या शतकात या मुलखात कॅथार पंथ रुजला होता. दृश्य जग हे दुष्ट शक्तीची निर्मिती आहे असे मानणारे, मांसाहार वर्ज्य करणारे, शपथ न घेणारे हे लोक होते आणि रोमच्या चर्चच्या लेखी ते पाखंडी होते. १२०८ मध्ये पोपचा दूत मारला गेल्यावर पोप तिसरा इनोसंट याने या ख्रिस्ती प्रदेशाविरुद्धच धर्मयुद्ध पुकारले. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली, पाठोपाठ ऑगस्टमध्ये कार्कासोन पडले आणि जिंकलेला मुलूख सिमाँ द मोंफोर या उत्तरेकडच्या सरदाराच्या हाती गेला. जीव वाचवून पळालेल्यांपैकी कित्येकांनी मिनेर्वचा आश्रय घेतला.

१२१० च्या जूनमध्ये मोंफोरने मिनेर्वला वेढा घातला. तीन बाजूंना तुटलेले कडे आणि चौथ्या बाजूला किल्ल्याने अडवलेली अरुंद खिंड असल्यामुळे चढाई अशक्यच होती, म्हणून त्याने दऱ्यांपलीकडे दगडफेकी यंत्रे उभारली. त्यातल्या सर्वांत मोठ्या यंत्राचे नाव ‘मालव्वाझीन’, म्हणजे ‘वाईट शेजारीण’, असे होते. एका रात्री गावातली माणसे बाहेर पडून ते यंत्र पेटवायला गेली, आग लागलीही. परंतु वेढा घालणाऱ्यांच्या वेळीच लक्षात आल्याने ती विझवली गेली. तटाखालच्या विहिरीकडे जाणारी वाट दगडांच्या माऱ्याने बंद झाली आणि भर उन्हाळ्यात पाणी संपल्यावर जुलैमध्ये गावाचा सरदार गिलेम शरण आला. मत सोडणाऱ्यांना जीवदान देऊ केले होते, तरी मोंफोरच्या बाजूनेच लिहिणाऱ्या समकालीन बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे १४० किंवा त्याहून अधिक कॅथारांना जिवंत जाळण्यात आले. मत सोडून वाचलेल्या केवळ तीन स्त्रिया होत्या.

सह्याद्रीतले गड पाहणाऱ्याला येथे पहिला प्रश्न हाच पडेल, की वर टाकी का नव्हती? आपल्याकडच्या काळ्या कातळात खोदलेली टाकी बारमाही पाणी धरून ठेवतात, तर चुनखडी पाणी मुरवून घेते आणि भेगांतून खाली सोडून देते. ज्या दगडाने सेस नदीला दरी आणि भुयार कोरू दिले, त्याच दगडाने वरच्या माणसांना तहानेने मारले, असे म्हटले तरी चालेल.

केव्हा जावे

मे महिन्याचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. दिवस मोठा असतो, सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळतो आणि ऊन अजून सोसवते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज ३५ अंशांवर जातो, गावात दिवसभर पर्यटकांची रीघ असते आणि वणव्याच्या धोक्यामुळे काही रानवाटा बंद ठेवल्या जातात. त्या दिवसांत जाणे भाग असेल, तर सकाळी नऊपूर्वी किंवा संध्याकाळी पाचनंतर गावात शिरावे. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी चाललेली दिसते, म्हणून द्राक्षबागांत रस असणाऱ्यांनी तोच महिना निवडावा; मात्र त्या वेळी बागाईतदारांना बोलायला उसंत नसते, हे धरून चालावे.

शरद ऋतूत, विशेषतः सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, भूमध्य सागराकडून येणाऱ्या दमट वाऱ्यामुळे काही तासांत धो धो पाऊस कोसळण्याचे प्रकार घडतात आणि कोरड्या नदीपात्रात अचानक लोंढा येतो. फ्रान्सचे हवामान खाते जिल्ह्यानुसार पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. मिनेर्व एरो जिल्ह्यात आहे. नारिंगी इशारा असेल त्या दिवशी दरीत उतरण्याचा विचारही करू नये. हिवाळ्यात गाव शांत असते, पण खाणावळी आणि दुकाने बहुतेक बंद असतात, शिवाय वायव्येकडून ‘सेर्स’ नावाचा कोरडा वारा वाहतो, जो कड्याच्या टोकावर उभे राहू देत नाही. हाच वारा द्राक्षवेली कोरड्या ठेवून बुरशीजन्य रोगांना आवर घालतो, त्यामुळे बागाईतदार त्याच्याविषयी तक्रार करत नाहीत.

कागदपत्रे आणि प्रवास

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळणेच अवघड होत असल्याने दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत. प्रवासविम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे.

पॅरिसहून नार्बोनला थेट वेगवान रेल्वे आहे आणि प्रवास साडेचार तासांच्या आसपास होतो. विमानाने यायचे तर तुलूझ आणि माँपेलिए हे जवळचे मोठे विमानतळ आहेत. नार्बोनपासून पुढे मात्र गाडी भाड्याने घेण्याला पर्याय नाही असेच म्हणावे लागेल. या भागातल्या बसफेऱ्या मोजक्या आणि शाळेच्या वेळांना बांधलेल्या असतात, आणि टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

गाडी चालवणाऱ्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा. गिअर न बदलावी लागणारी गाडी हवी असल्यास नोंदणी करतानाच तसे सांगावे, कारण आयत्या वेळी ती मिळत नाही. रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवण्याची सवय तासाभरात होते. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो ‘उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य’ हा नियम. खेड्यातल्या ज्या चौकात कोणतीही पाटी नसेल, तेथे उजव्या हाताच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आपण मुख्य रस्त्यावर असलो तरी वाट द्यावी लागते. ओलोंझाक ते मिनेर्व हा शेवटचा सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता आधी बागांमधून सरळ जातो आणि मग वळणे घेत दरीच्या कडेने चढतो. त्याच्यावर घाई करू नये.

मुक्कामासाठी मिनेर्वमध्ये खोल्या फार थोड्या आहेत. ओलोंझाक, सिरान किंवा ला लिविनियेर या गावांत घरगुती निवासाची सोय आहे. तेथे राहून सकाळी लवकर मिनेर्व गाठणे सर्वांत सोयीचे पडते.

गाव पाहण्याचा क्रम

गावात बाहेरच्या वाहनांना मज्जाव असल्याने गाडी बाहेरच्या सशुल्क वाहनतळावर लावावी लागते. तेथून थेट गावात घुसण्याचा मोह आवरावा. सेसच्या दरीवर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला उंच कमानींचा पूल आहे, त्याच्या गावाबाहेरच्या टोकावर दहा मिनिटे थांबावे. येथून सोंड पूर्ण दिसते. एका अंगाने सेस येते, दुसऱ्या अंगाने ब्रियाँ येते, दोघी गावाच्या पायथ्याशी भेटतात आणि घरांच्या मागच्या भिंती थेट कड्यातून वर आल्यासारख्या उभ्या राहतात. पूल नव्हता तेव्हा वर यायची सोपी वाट एकच होती, ती उत्तरेकडच्या चिंचोळ्या खिंडीची. किल्ला बरोबर तेथेच होता.

म्हणून गावात आल्यावर प्रथम उत्तरेकडे वळावे. तेथे ‘कांदेला’ नावाचा अष्टकोनी बुरुजाचा उरलेला उंच, बारीक कोपरा दिसतो. सतराव्या शतकात किल्ला पाडला गेला, त्यातून एवढेच वाचले. बहुतेक जण त्याचे छायाचित्र काढून १२१० ची आठवण म्हणून मिरवतात, परंतु हे बांधकाम वेढ्यानंतरच्या काळातले आहे. मोंफोरने पाहिलेला किल्ला याच जागी होता, तो हा नव्हे. जवळ गेल्यावर घडीव दगडांचे बारीक सांधे आणि आतली ओबडधोबड भर यांतला फरक पाहावा, कारण भिंत अर्धी फुटलेली असल्यामुळे तिचा छेद उघडाच पडला आहे.

तेथून मुख्य गल्लीने खाली यावे. या गल्लीला ‘हुतात्म्यांचा रस्ता’ असे नाव आहे आणि ती इतकी अरुंद आहे की भर दुपारीही एका बाजूला सावली मिळते. पुढे सेंत-एतिएन हे रोमानेस्क शैलीचे छोटे चर्च लागते. त्याच्या आत नार्बोनचा बिशप रुस्तिकस याने इ. स. ४५६ मध्ये प्रतिष्ठापित केलेली संगमरवरी वेदी आहे आणि तिच्यावर नंतरच्या शतकांतल्या यात्रेकरूंनी कोरलेली नावे आहेत. चर्च पुष्कळदा बंद असते, म्हणून आदल्या दिवशी पर्यटन कार्यालयात चौकशी करून ठेवावी. चर्चजवळ झाँ-ल्युक सेव्हराक या शिल्पकाराने घडवलेली स्मारकशिळा आहे. उभ्या दगडात कबुतराच्या आकाराचे आरपार छिद्र आहे, एवढेच ते स्मारक. नावे नाहीत, तपशील नाहीत. दगडाच्या दोन्ही बाजूंना जाऊन त्या छिद्रातून पाहावे; एकीकडून आकाश दिसते, दुसरीकडून भिंत. ज्यांना कॅथारांची कथा मुलांना समजावून सांगायची असेल, त्यांनी ‘युरपेल’ या लहानशा संग्रहालयात जावे. तेथे मातीच्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून सारा इतिहास मांडला आहे.

आता खाली उतरण्याचा भाग, आणि माझ्या मते मिनेर्वमध्ये सर्वांत महत्त्वाचा. गावाच्या दक्षिण अंगाला तटातून बाहेर पडणारी एक दिंडी आहे, आपल्या भाषेत चोरदिंडीच. तिच्यातून पायऱ्या आणि खडकाळ पायवाट पकडून नदीपात्राकडे यावे. पायांत घट्ट तळव्याचे बूट हवेत, चपलांवर येथे घसरायला होते. सें-रुस्तिक या नावाची ती विहीर तटाखाली याच बाजूला आहे. विहिरीपाशी उभे राहून एकदा मागे तटाकडे आणि एकदा समोरच्या कड्याकडे पाहावे: पाणी भरायला येणारा माणूस पलीकडच्या पठारावरून स्पष्ट दिसतो आणि तेथून टाकलेला दगड या वाटेवरच पडतो. मोंफोरला तट फोडण्याची गरजच नव्हती, हे कोणत्याही माहितीफलकापेक्षा येथे दोन मिनिटांत समजते. त्याच पठारावर दगडफेकी यंत्राची लाकडी प्रतिकृती उभी केलेली आहे. अंगात त्राण असेल तर दरी ओलांडून तिकडे चढून जावे, म्हणजे हीच जागा वेढेकऱ्याच्या बाजूनेही पाहून होईल.

उन्हाळ्यात सेसचे पात्र गावापाशी कोरडे असते, तेव्हा पात्रातून वरच्या दिशेने चालत नैसर्गिक पुलांकडे जाता येते. नदीने आपले जुने वळण सोडून थेट चुनखडीच्या पोटातून वाट काढली आणि दोन भुयारे तयार झाली. मोठे दोनशे मीटरांहून लांब आहे, धाकटे त्याहून बरेच आखूड. आत गारवा असतो, पायाखाली गोटे असतात आणि मध्यभागी अंधार दाटतो, म्हणून विजेरी न्यावी. पात्रात पाणी दिसत असेल किंवा डोंगराकडे ढग भरून आले असतील, तर भुयारात शिरू नये.

या साऱ्या फेरीला रमतगमत चार तास लागतात. लहान मुले आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांना वरचा भाग तासाभरात दाखवून सावलीत बसवावे आणि बाकीच्यांनी उतरावे, हे उत्तम.

द्राक्षबागा आणि वाइनचे चाखणे

मिनेर्वचेच नाव घेतलेल्या ‘मिनेर्वुआ’ या वाइनला १९८५ मध्ये भौगोलिक संरक्षित नामांकन मिळाले आणि १९९९ मध्ये त्यातल्याच ला लिविनियेर गावाभोवतीच्या बागांना स्वतंत्र दर्जा मिळाला. लाल वाइनसाठी सिरा, ग्रनाश, मूर्वेद्र, कारिन्याँ आणि सँसो ही द्राक्षे मिसळून वापरली जातात. सँ-झाँ-द-मिनेर्वुआ या पूर्वेकडच्या गावात, पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या जमिनीवर, बारीक मण्यांच्या मस्कत द्राक्षांपासून गोड वाइन होते. आंबवण अर्ध्यावर असतानाच मद्यार्क घालून ते थांबवतात, त्यामुळे फळातली साखर उरते आणि मद्याचे प्रमाण १५ टक्क्यांवर जाते.

नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराने येथे बांधावर थांबून वेली जरूर पाहाव्यात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा वर्षातून दोन छाटण्या होतात आणि माल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. येथे थंडीत वेल झोपी जाते, छाटणी त्याच वेळी एकदाच होते आणि तोडणी ऑगस्टअखेरपासून सुरू होते. कारिन्याँच्या जुन्या बागांत मांडव नाही की तार नाही, गुडघाभर उंचीचे जाड, वाकडे खोड स्वतःच्या बळावर उभे असते. खुंट, म्हणजे ज्या मुळावर वेलीचे कलम बांधतात तो भाग, मात्र दोन्हीकडे परका. १८६० च्या दशकात फिलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, माँपेलिएच्या झ्युल-एमिल प्लांशों यांनी १८६८ मध्ये ती ओळखली, आणि अखेर अमेरिकी खुंटावर कलम करणे हाच उपाय ठरला. डॉगरिज या अमेरिकी खुंटावर कलमे बांधणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुनर्लागवडीनंतर उत्पादन वाढले, त्यात साखर आणि पाणी घालून केलेल्या बनावट मालाची भर पडली आणि भाव कोसळले. ११ मार्च १९०७ रोजी मिनेर्वुआतल्याच आर्झलिए गावातून मार्सलँ आल्बेर यांच्यासोबत ८७ माणसे नार्बोनला गाऱ्हाणे घेऊन चालत गेली. जूनपर्यंत माँपेलिएच्या सभेला लाखोंचा जमाव लोटला, नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला भेसळीविरुद्ध कायदा झाला. गावोगावच्या सहकारी वाइन कोठारांची मोठी फळी त्यानंतरच्या काळात उभी राहिली.

चाखायला जाण्याआधी दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. सहकारी कोठारांना विक्रीकेंद्र असते आणि उघड्या वेळेत कोणीही जाऊ शकते. खासगी बागांच्या दारावर ‘सुर राँदेव्हू’, म्हणजे वेळ ठरवून, अशी पाटी असेल, तर आधी दूरध्वनी किंवा ईमेल करूनच जावे. दुपारी बारा ते दोन या वेळेत कोणाकडेही जाऊ नये, तो जेवणाचा वेळ आहे. आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणणे हा शिष्टाचाराचा गाभा आहे. ते न म्हणता थेट भाव विचारणाऱ्याला थंड उत्तर मिळते. क्रम पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी मस्कत असा ठेवावा. समोर ठेवलेली पिकदाणी वापरण्यात कोणताही संकोच बाळगू नये, जाणकार मंडळीही घोट तोंडात घोळवून थुंकतातच. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकलेच पाहिजे, कारण रक्तातल्या मद्याची मर्यादा दर लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि नवशिक्या चालकांसाठी ती ०.२ ग्रॅमवर येते. चाखण्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. अशा वेळी निदान एक बाटली विकत घेणे उचित. बाटलीवर ‘व्हिएय व्हीन्य’, म्हणजे जुन्या वेली, असे छापलेले असले तरी वेलींच्या वयाची कायदेशीर अट नाही, म्हणून वय किती ते सरळ विचारावे. खरोखर जुनी बाग असणारा मालक ते आनंदाने सांगतो, कधी कधी बागेतच घेऊन जातो.

जेवण

शाकाहारी मंडळींनी खाणावळीवर विसंबू नये. ओलोंझाकला मंगळवारी सकाळी बाजार भरतो. तेथून पाव, पेलार्दों नावाचे शेळीच्या दुधाचे चीज, टोमॅटो, खरबूज आणि लुक या स्थानिक जातीचे हिरवेगार ऑलिव्ह घेतले की दोन दिवसांची शिदोरी होते. खाणावळीत मागवायचेच असेल तर ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे स्पष्ट सांगावे. कासुले हा या भागातला प्रसिद्ध पदार्थ घेवड्याच्या दाण्यांचा असला तरी त्यात मांस असतेच. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकाने बंद असतात.

जोडून काय पाहावे

एक जादा दिवस असेल तर ओलोंझाकपासून तीन किलोमीटरवरच्या ओंप्स येथे कानाल द्यु मिदी या कालव्याकाठी चालावे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये सुरू केलेला हा कालवा १६८१ मध्ये खुला झाला आणि १९९६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. काठावरचे चिनाराच्या जातीचे वृक्ष बुरशीच्या रोगाने मरत असल्यामुळे मोठ्या प्रमाणावर तोडले गेले आहेत, तेव्हा जुन्या छायाचित्रांतली सलग सावली मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पश्चिमेला कोन गावातल्या लाल संगमरवराच्या खाणी आहेत, व्हर्सायच्या राजवाड्यात तो दगड गेला. किल्ल्यांची हौस भागली नसेल, तर कार्कासोनच्या उत्तरेला लास्तूर येथे एकाच डोंगरधारेवर चार किल्ले ओळीने उभे आहेत.

परत येताना भारतीय सीमाशुल्काच्या नियमानुसार प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. नेहमीच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही; गोड मस्कतची अर्ध्या लिटरची बाटली मिळाली तर दोन मोठ्या आणि ती एक मिळून बरोबर दोन लिटर होतात. बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत, म्हणून त्या जाड कपड्यांत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात, आणि पावती मात्र हाताशी असू द्यावी.